जळण घ्यायचं तर जूनमध्ये

कोलोरॅडोत, डेन्व्हर-बोल्डरमध्ये नोकरी आणि वर डोंगरात घर, असा बेत ज्यांनी केला आहे किंवा जे करायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एव्हरग्रीन, कॉनिफर, बेली, नेदरलँड ही गावं सात ते साडेआठ हजार फुटांवर आहेत. घर बघायला गेलं की दिवाणखान्यात काचेच्या दाराचा बिडाचा लाकूड-स्टोव्ह दिसतो. घर घेताना तो शोभेचा वाटतो. पहिल्या मोठ्या हिमवादळात वीज गेली की त्याची खरी किंमत कळते, कारण घर तापवणारी भट्टी प्रोपेनवर चालत असली तरी तिचा पंखा विजेवरच फिरतो.

मग लाकडाची शोधाशोध सुरू होते, आणि ती नेमकी ऑक्टोबरात. तोवर भाव चढलेले असतात, बऱ्या विक्रेत्यांचा माल संपत आलेला असतो आणि उरलेला प्रत्येक जण आपलं लाकूड ‘सीझन्ड’, म्हणजे नीट वाळवलेलं, असल्याचं छातीठोकपणे सांगतो. ऑगस्टमध्ये तोडलेलं झाडही ऑक्टोबरात ‘सीझन्ड’ होऊन ट्रकमध्ये चढतं. माझा सल्ला असा की, या शब्दासाठी वेगळे पैसे मोजूच नका. जळण मे-जूनमध्ये घ्या, आलं की मोजा आणि वाळवायचं काम आपल्या अंगणातल्या उन्हावर सोपवा. कोकणात आगोटीआधी सरपणाची बेगमी करून ठेवतात, तसंच हे. फक्त इथे पावसाऐवजी बर्फ येतो आणि तो मेपर्यंत मुक्काम ठोकतो.

आपल्याकडे वखारीत जळण काट्यावर मिळतं, मणाने किंवा क्विंटलने. त्यात फसवणूक व्हायची ती पाण्याची: लाकूड ओलं असलं की काटा खाली जातो. अमेरिकेत जळण आकारमानावर विकतात. त्यामुळे इथे पाण्याच्या जोडीला हवाही विकत पदरात पडू शकते. लाकूड कसंही फेकून ढीग केला तर त्यात पोकळ्याच जास्त. म्हणून दोन गोष्टी तपासायच्या, हवा किती आणि पाणी किती. बाकीचं सगळं त्यानंतर.

कॉर्ड कशी मोजायची

जळणाचं इथलं माप म्हणजे कॉर्ड. ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी नीट रचलेली थप्पी, १२८ घनफुटांची. ‘नीट रचलेली’ हे महत्त्वाचं. तीच लाकडं ट्रकमध्ये सैल फेकली तर साधारण १८० घनफूट जागा खातात.

जाहिरातीत मात्र ‘फेस कॉर्ड’, ‘रिक’, ‘ट्रकलोड’ असे शब्द भेटतात. फेस कॉर्ड म्हणजे ४ फूट उंच, ८ फूट लांब, पण एकाच लाकडाइतकी जाड रांग. लाकूड १६ इंची असेल तर ती जेमतेम ४३ घनफूट भरते, म्हणजे खऱ्या कॉर्डचा तिसरा हिस्सा. भाव ऐकून स्वस्त वाटतं आणि माणूस हुरळतो. ‘एनआयएसटी’ या राष्ट्रीय मानक संस्थेच्या हँडबुक १३० मध्ये वजनमापांचे आदर्श नियम आहेत आणि अनेक राज्यांनी ते उचलले आहेत. त्यात जळण कॉर्ड किंवा तिच्या भागातच विकावं असं म्हटलं आहे. फेस कॉर्ड, रॅक, पाइल असे शब्द विक्रीत वापरायला त्यात मनाई आहे. शिवाय विक्रेत्याने नाव, पत्ता, तारीख, माप आणि किंमत लिहिलेली पावती द्यावी, हेही त्यातच आहे. पावती मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून न घेतलेलंच बरं.

ट्रक दारात आला की एक नजर त्याच्या हौद्यावर टाका. मोठ्या पिकअपचा ८ फुटी हौदा काठोकाठ भरला तरी ७५-८० घनफूट होतो. त्यात सैल टाकलेलं लाकूड म्हणजे अर्ध्या कॉर्डपेक्षाही थोडं कमी. साडेपाच फुटी हौद्यात तर पाव कॉर्डहून किंचित जास्त बसतं. शिवाय लॉजपोल पाइनच्या एका कॉर्डचं वजन, अगदी सुकी असली तरी, अडीच हजार पौंडांच्या पुढे जातं आणि नेहमीच्या हाफ-टन पिकअपला ते झेपत नाही. तेव्हा एका फेरीत, बाजूला उंच फळ्या न लावलेल्या साध्या पिकअपमधून कोणी ‘पूर्ण कॉर्ड’ घेऊन आला, तर त्याच्याशी वाद घालू नका. मोजल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, एवढंच.

मोजायचं ते रचून. १६ इंची लाकूड ४ फूट उंचीच्या एका रांगेत लावलं तर कॉर्डला २४ फूट लांबी भरायला हवी. १८ इंची असेल तर २१ फूट ४ इंच. तीच १६ इंची रांग २० फुटांतच संपली तर सहावा हिस्सा कमी आला. रांग लावताना लाकडं एकमेकांना समांतर ठेवा. टोकांना आडवी-उभी चौकट करून उभारलेला मनोरा दिसायला छान दिसतो, पण त्यात पोकळी फार, म्हणून तो हिशेबात थोडा कमी धरा. कमी भरलं तर एकही लाकूड जाळण्याआधी मोजपट्टी लावलेला फोटो काढा आणि विक्रेत्याला फोन करा. नाव टिकवायचं असलेले विक्रेते उरलेलं आणून टाकतात.

लांबी मात्र ऑर्डर देतानाच सांगायची. स्टोव्हच्या आतल्या मापापेक्षा दोन-तीन इंच कमी. ‘साधारण १६’ म्हणून आलेल्यात १९ इंची तुकडे निघतात आणि ते दार लावू देत नाहीत.

पाणी

लाकूड ओलं असलं की नुकसान होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण नुकसान नेमकं कशाने होतं याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. कॉर्डभर लॉजपोल पाइनमध्ये निव्वळ कोरडं लाकूड असतं सुमारे २,५०० पौंड. ओल मोजायच्या मीटरवर कोरड्या वजनाच्या २० टक्के आलं तर त्यात ५०० पौंड पाणी, ५० टक्के आलं तर १,२५० पौंड. फरक ७५० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ३४० लिटर. एवढ्या पाण्याची वाफ करायला जी उष्णता लागते, ती कॉर्डमधल्या एकूण उष्णतेच्या चार-पाच टक्केच भरते. मग ओल्या लाकडाचा एवढा बाऊ का?

कारण खरं नुकसान वाफेत होत नाही, धुरात होतं. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंमध्येच असते. ते पेटायला सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान हवं. ओल्या लाकडाचा जाळ तिथपर्यंत चढतच नाही. मग ते वायू न जळता धूर होऊन चिमणीतून निघून जातात. वर चिमणी थंड असली की तिथेच थिजून डांबरासारखं चिकट क्रिओसोट धरतं. म्हणजे पैसे देऊन आणलेली उष्णता घराबाहेर गेली आणि जाताना चिमणीत आगीचं सामान ठेवून गेली.

म्हणून ओल मोजायची. पर्यावरण संरक्षण संस्था ईपीए सांगते ती मर्यादा २० टक्के. दोन पिनांचा मीटर हार्डवेअरच्या दुकानात तीसेक डॉलरला मिळतो. तो वापरायची पद्धत बहुतेकांची चुकते: लाकूड उचलतात, कापलेल्या टोकात पिना खुपसतात, १४ टक्के बघून खूश होतात. टोक सगळ्यात आधी वाळतं, त्याला तडे जातात, ते करडं पडतं, आणि आतला गाभा ओलाच राहतो. ट्रकच्या वरच्या थरातून एक, मधून एक, तळातून एक असे तीन जाडसर तुकडे घ्या. प्रत्येक तुकडा कुऱ्हाडीने नव्याने फोडा. फुटलेल्या ताज्या बाजूच्या मध्यावर, टोकांपासून दूर, तंतूंच्या दिशेने पिना रोवून आकडा वाचा. मेमध्ये घेताय तर ३०-४० आला तरी हरकत नाही, फक्त भाव त्या हिशेबाने द्या. ऑक्टोबरात मात्र तीनपैकी दोन तुकडे २५ च्या वर गेले तर ते लाकूड या हिवाळ्याचं नव्हे.

थंडीची एक गंमत लक्षात ठेवा. हे मीटर साधारण ७० अंश फॅरनहाइटला, डग्लस फरच्या लाकडावर जुळवलेले असतात. लाकूड गार असलं की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि आतलं पाणी गोठलेलं असेल तर त्या आकड्याला अर्थच उरत नाही. जानेवारीत घेतलेला तुकडा एक रात्र घरात ठेवून मगच फोडा आणि मोजा.

मीटर हाताशी नसेल तर कान आणि नाक वापरा. दोन सुके तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात, ओले बद्दकन. सुक्या तुकड्याची साल नखाने सुटते. फोडल्यावर राळेचा उग्र वास आला आणि बोटांना चिकट लागलं, तर ते झाड नुकतंच पडलेलं आहे. पेटवल्यावर टोकांशी फेस येऊन चरचर ऐकू आली तर निकाल लागलाच, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

फोनवर काय विचारायचं? ‘सीझन्ड आहे का’ हा प्रश्न सोडून काहीही विचारा, कारण त्याचं उत्तर ठरलेलं आहे. विचारा की फोडलं कधी. तोडलं कधी हे दुय्यम. सालीसकट अख्खे पडलेले ओंडके वर्षभरातही फारसे वाळत नाहीत. साल पाणी आत धरून ठेवते, लाकूड खरं वाळायला लागतं ते फोडल्यावर. त्यानंतर विचारा की कुठून आलं, कोणत्या जातीचं आहे, लांबी किती आणि ट्रक कुठपर्यंत येईल. हा शेवटचा प्रश्न डोंगरात फार महत्त्वाचा. चढाच्या कच्च्या वाटेवर ट्रक चढला नाही की तो ढीग खाली फाट्याशी टाकून जातो आणि मग तुमचा शनिवार-रविवार ढकलगाडीमागे जातो.

कोणतं लाकूड

‘पाइन जाळू नका, चिमणी पेटते’ हे तुम्हाला पूर्व किनाऱ्यावरचा एखादा तरी मित्र सांगेल. त्याच्याकडे ओक आणि मेपल मुबलक, त्यामुळे त्याला ते परवडतं. क्रिओसोट ओल्या लाकडाने आणि कोंडलेल्या जाळाने होतं, पाइनच्या राळेने नव्हे. सुका पाइन ऐटीत जाळा. या डोंगरात दुसरं फारसं मिळतही नाही.

वजनाला वजन धरलं तर जवळजवळ सगळं सुकं लाकूड सारखीच उष्णता देतं, पौंडाला ८,६०० बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णतेचं इथलं एकक) आसपास. फरक घनतेचा आहे. कॉर्ड हे आकारमानाचं माप असल्याने जड लाकडाच्या कॉर्डमध्ये उष्णता जास्त. ढोबळ आकडे असे: गॅम्बेल ओक ३ कोटी बीटीयू, पिनयन पाइन २ कोटी ७० लाख, डग्लस फर २ कोटी ६० लाख, लॉजपोल पाइन २ कोटी १० लाख, ॲस्पेन १ कोटी ८० लाख, पॉन्डेरोसा पाइन १ कोटी ७० लाख, एंगलमन स्प्रूस दीड कोटी. म्हणजे ओकच्या भावात कोणी स्प्रूस गळ्यात मारला तर निम्मेच पैसे वसूल होतात. ‘मिक्स’ म्हणून येणाऱ्या मालात हाच खेळ चालतो.

भावाची तुलना करायची तर किमतीला या आकड्यांनी भागा. समजा लॉजपोल ३०० डॉलरला आणि ओक ४५० ला मिळतोय. दर दहा लाख बीटीयूला लॉजपोल सव्वाचौदा डॉलरच्या आसपास पडतो, ओक पंधरा. म्हणजे ओक तेवढा महाग नाहीच. पण ओक रात्रभर निखारे धरतो आणि लॉजपोल चार तासांत आटोपतो, हे आकड्यात दिसत नाही. माझ्या मते डग्लस फर हा इथला सगळ्यात शहाणपणाचा सौदा आहे: फरक ओळखणारे गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे बऱ्याचदा पाइनच्या भावातच मिळतो. साल जाड आणि खोबणीदार, आतलं लाकूड लालसर, हातात घेतलं की पाइनपेक्षा जड.

प्रोपेनशी तुलना हवी असेल तर तीही करून ठेवा. चांगला स्टोव्ह ७० टक्के उष्णता घरात देतो असं धरलं तर लॉजपोलची एक कॉर्ड, ९० टक्के कार्यक्षम भट्टीत जाळलेल्या जवळजवळ १८० गॅलन प्रोपेनची बरोबरी करते. तुमचा प्रोपेनचा भाव त्याला गुणा. ही गणितं बंद दाराच्या स्टोव्हची. उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक उष्णता चिमणीतून जाते आणि जाताना घरातली ऊबही ओढून नेते. तिच्यासाठी कॉर्ड मागवण्यात अर्थ नाही.

किती घ्यायचं? भट्टीच्या जोडीला, संध्याकाळी आणि वीज गेल्यावर पेटवायचा असेल तर दोन कॉर्ड पुष्कळ. मुख्य ऊब लाकडाचीच असेल तर चार ते सहा, घर जुनं आणि खिडक्या एकेरी काचेच्या असतील तर त्याहूनही जास्त.

आता बीटलविषयी. माउंटन पाइन बीटल नावाच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किड्याने १९९६ पासून कोलोरॅडोतलं सुमारे ३४ लाख एकर जंगल बाधित केलं. त्या साथीत मेलेला लॉजपोल अजून जळण म्हणून विकला जातो. कापलेल्या टोकाला कडेने निळसर-करडा पट्टा दिसतो, तो किड्याबरोबर आलेल्या बुरशीचा. लाकडाची उष्णता त्याने कमी होत नाही, निळ्या रंगाला घाबरू नका. उभं वाळलेलं झाड बरंच सुकं असतं, तरी बुंध्याकडचे जाड तुकडे मोजूनच घ्या. वर्षानुवर्षं जमिनीवर पडून राहिलेलं मात्र नको. ते हातात भुसभुशीत लागतं, कारण त्यातलं लाकूड बुरशीने खाल्लेलं असतं.

किड्यांचा मुद्दा लांबून लाकूड आणण्यालाही लागू आहे. ॲश झाडं मारणारा एमराल्ड ॲश बोरर २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि २०१३ मध्ये बोल्डरला पोहोचला. असल्या किड्यांना एवढा लांबचा प्रवास घडवणाऱ्या गोष्टींत जळणाचा नंबर वरचा. जळण शक्यतो दहा मैलांच्या आतलं, फार तर पन्नास मैलांतलं असावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. गेल्याच उन्हाळ्यात बीटलने मारलेल्या पाइनच्या सालीखाली अळ्या अजून जिवंत असतात. तसलं लाकूड आपल्या उभ्या पाइनजवळ रचून ठेवणं म्हणजे आपणच पाहुण्यांना घर दाखवणं.

वाळवण

हे काम इथे सोपं आहे. हवा कोरडी, ऊन कडक, वारा फुकट. जूनमध्ये फोडून रचलेला पाइन ऑक्टोबरपर्यंत आरामात २० टक्क्यांखाली येतो. ओकला एक-दोन उन्हाळे लागतात, तो घ्यायचाच तर पुढच्या वर्षासाठी. जमिनीपासून वर, दोन आडव्या वाशांवर किंवा पॅलेटवर एकेरी रांग लावा, तोंड वाऱ्याकडे. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही मॉन्सून येतो, दुपारच्या गडगडाटी सरींचा. त्यासाठी फक्त वरून पत्रा टाका. ताडपत्री चारही बाजूंनी गुंडाळून घेतली की आत घाम सुटतो आणि सप्टेंबरात उघडलं की बुरशी. हा उद्योग सगळे नवखे करतात.

थप्पी कुठे रचायची यात मात्र सोय बघू नका. आपला हात ती ओसरीत, दाराजवळ रचायला जातो. वणव्याच्या दृष्टीने त्याहून वाईट जागा नाही. घरापासून किमान ३० फूट लांब, आणि उतारावर घर असेल तर घराच्या वरच्या अंगाला किंवा घराच्या पातळीतच ठेवा, असं कोलोरॅडो राज्य वनसेवा सांगते. आग चढावर वेगाने धावते, खालच्या अंगाला रचलेली थप्पी सरळ घराकडे जाळ पाठवते. लाकडी डेकच्या खाली तर कधीच नको. हिवाळ्यात धोका नसतो हेही खरं नाही: बोल्डर काउंटीतला मार्शल फायर ३० डिसेंबर २०२१ ला भडकला आणि त्यात हजाराहून जास्त घरं गेली. जमिनीवर बर्फ असेल तेव्हा आठवडाभराचं जळण दाराशी आणा, बर्फ वितळला की उरलेलं परत लांब.

जाळताना

इथे थोडक्यात. स्टोव्हच्या मागे ईपीएची पाटी आहे का बघा. १५ मे २०२० नंतर विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हना तासाला २ ग्रॅम धुराची मर्यादा आहे, नेहमीच्या जळणावर चाचणी केली असेल तर २.५ ग्रॅम. आपला स्टोव्ह १९८८ च्या आधीचा असेल तर तो बदलल्याने जळणाची जी बचत होते ती कोणत्याही घासाघिशीने होणार नाही. आठ हजार फुटांवर हवा विरळ असल्याने चिमणीची ओढ कमी पडते, म्हणून चिमणी समुद्रसपाटीवरच्या घरांपेक्षा उंच लागते. पेटवताना खोली धुराने भरत असेल तर दोष बऱ्याचदा लाकडाचा नसून चिमणीच्या उंचीचा असतो. सात हजार फुटांच्या खाली, डेन्व्हर महानगराच्या सात काउंटींत राहत असाल तर नोव्हेंबर ते मार्च प्रदूषणाच्या इशाऱ्याच्या दिवशी बहुतेक स्टोव्ह-फायरप्लेसना बंदी असते, ती सूचना बघून मगच पेटवा.

चिमणी वर्षातून एकदा तपासून झाडून घ्यायची, आणि त्याची वेळ उन्हाळ्यातच घ्यायची. ऑक्टोबरात सफाईवाल्याची तारीख मिळत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांपासून १५ फुटांच्या आत हवा, कोलोरॅडोत कायदाच आहे. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरा आणि बादली दगडावर किंवा काँक्रीटवर ठेवा. राखेखाली निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात. कागदी पिशवीत भरून डेकवर ठेवलेल्या राखेने कितीतरी घरं पेटवली आहेत.

स्वतः जंगलात जाऊन लाकूड आणायची हौस असेल तर अरापाहो-रूझवेल्ट आणि पाइक-सॅन इसाबेल या राष्ट्रीय वनांत घरगुती वापरासाठी परवाने मिळतात. नेमून दिलेल्या भागातलंच मेलेलं लाकूड घ्यायचं, परवान्याचे टॅग लाकडावर लावायचे, करवतीला ठिणगीरोधक जाळी हवी, आणि आणलेलं विकता येत नाही. स्वस्त पडतं का? ट्रक, करवत, लाकूड फोडायच्या यंत्राचं भाडं आणि पाठीचं दुखणं धरलं तर मला तसं वाटत नाही. शिवाय बीटलने मारलेली झाडं वाऱ्यात बेभरवशाची असतात, शेजारचं झाड तोडताना दुसरंच अंगावर येतं. करवत कधी हातात धरली नसेल तर पहिला धडा जंगलात घेऊ नका.

ऑक्टोबर उजाडलाच असेल तर

हे वाचताना बाहेर बर्फ पडत असेल आणि अंगणात ओल्या लाकडाचा ढीग असेल, तरी हिवाळा निभावता येतो. सगळ्यात बारीक आणि सगळ्यात सुके तुकडे वेगळे काढा, ते पेटवणासाठी. बाकीचे सहा इंच जाडीचे असतील तर तीन इंचांवर आणा, बारीक तुकडा फार लवकर वाळतो. आठ-दहा दिवसांचं जळण घरात आणून एकेरी रांगेत लावा, जमल्यास समोर साधा पंखा ठेवा. मात्र स्टोव्हपासून तीन फुटांच्या आत काहीही नको, मग ते कितीही ओलं असो.

दुकानात मिळणाऱ्या, भट्टीत वाळवलेल्या, प्लास्टिकमधल्या जुड्या आणीबाणीलाच. एक जुडी पाऊण घनफुटाची, कॉर्डभर ऊब हवी तर तसल्या १७० घ्याव्या लागतील. त्याहून भुश्याच्या दाबून केलेल्या विटा बऱ्या, त्यांत ओल १० टक्क्यांखाली असते. मेण घातलेले लॉग मात्र उघड्या फायरप्लेसचे, स्टोव्हमध्ये नकोत. एक-दोन विटा खाली, त्यांवर अर्धसुकं लाकूड, असं मिश्रण चांगलं चालतं. फुकटची पॅलेटं मिळाली तर त्यांवरचा शिक्का वाचा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेली, ती चालतील, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची, ती नाही. रंगवलेल्या फळ्या आणि जुन्या डेकचं औषध मारलेलं लाकूड तर मुळीच नाही.

स्टोव्ह धुमसत ठेवू नका. लहान पण धगधगता जाळ, हवेची कळ उघडी, आणि घर तापलं की विझू द्यायचा. झोपताना ओलं लाकूड कोंबून हवा बंद करणं हा क्रिओसोट करायचा हमखास उपाय आहे. काच काळी पडत असेल, चिमणीच्या टोकातून पांढुरका धूर तासभर थांबत नसेल, तर आत काय चाललं आहे ते कळतंच. असल्या हिवाळ्यात एका सफाईवर भागत नाही. जानेवारीच्या मध्यावर चिमणी पुन्हा झाडून घ्या, आणि तो माणूस वर चढलेला असतानाच त्याला विचारून ठेवा की मे महिन्यात चांगलं लाकूड कोण देतं. या डोंगरात कोणाचं लाकूड कसं जळतं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.